गोटी कुठं पळते बघू

मराठी माणूस जमीन टाचेने तपासतो. नवा फ्लॅट बघायला गेला की बिल्डरचा माणूस खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे बोट दाखवत असतो आणि हा दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून उजवी टाच दोनदा आपटतो. "दणकट आहे," म्हणतो आणि मग डोंगराकडे बघतो. टाचेला नेमकं काय कळलं हे त्याला कुणी विचारत नाही, कारण मागून आलेल्या मेहुण्यानेही तेवढ्यात टाच आपटून "हो, दणकट वाटतेय" असा दुजोरा दिलेला असतो. दोन टाचांचं एकमत झालं की स्ट्रक्चरल ऑडिट संपलं.

जुन्या घरात नवी टाइल लावायची ठरते तेव्हा हीच टाच पुन्हा सेवेत रुजू होते. टाइल निवडायला दोन महिने लागतात. त्यात चार दुकानं, सहा नातेवाईक आणि सुनेच्या मोबाइलमधले तीनशे फोटो खर्ची पडतात. ज्या जमिनीवर ती टाइल बसणार, तिच्या वाट्याला मात्र टाचेचे दोन ठोके येतात.

डोंबिवलीतले एक काका घेऊ. असे काका मुलुंडमध्ये आहेत, चिंचवडमध्ये आहेत, नाशिकला तर एकाच जिन्यावर दोन सापडतील. पण सोयीसाठी डोंबिवलीचे घेऊ. बँकेतून निवृत्त. इमारत १९८४ ची, मजला दुसरा, लिफ्ट नाही, आणि घरभर त्या काळी सगळीकडे असायची ती ठिपक्याठिपक्यांची मोझॅक फरशी. दुकानात काकूंना 'स्टॅच्युआरिओ' आवडली आणि काकांना 'कॅरारा'. यावर घरात काही दिवस अबोला होता. दोन्ही नावं इटलीतल्या संगमरवराची, आणि दोन्ही खोक्यांवर गाव एकच छापलेलं, मोरबी. भारतातल्या बहुतेक सिरॅमिक टाइल्स गुजरातेतल्या मच्छू नदीकाठच्या याच गावच्या भट्ट्यांतून येतात. पण "आम्ही मोरबी लावली" असं सांगायला कुणी पाहुण्यांना घरी बोलावत नाही.

अखेर दोन बाय चार फुटांची टाइल ठरली. दुकानदाराने जाता जाता विचारलं, "जमीन कशी आहे, काका?"

"जमीन? ओनरशिपची आहे," काका म्हणाले.

मग मिस्त्री आला. मूळचा राजापूरकडचा, कमी बोलणारा. त्याने थापी उलटी धरली आणि तिच्या मुठीने एकेक फरशी ठोकायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्, बद्. "ही पोकळ आहे." टण्, टण्, बद्, बद्. "ह्या पण."

या ठोकाठोकीमागे चोख व्यवहार आहे. जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवायची तर नवीने जुनीला धरलं पाहिजे, हे सगळ्यांना कळतं. जुनीने खालच्या मालाला धरलेलं असलं पाहिजे, हे लक्षात येत नाही. फरशी बद् वाजली याचा अर्थ ती खालून सुटली आहे, केवळ शेजारणींच्या दाटीमुळे जागेवर बसून आहे. तिच्यावर कितीही महागाचं अॅडेसिव्ह लावा, ते इमानदारीने तिला चिकटेल आणि पुढे दोघी हातात हात घालून उठतील.

मिस्त्री गेल्यावर घराला ठोकण्याचा नाद लागला. काकांनी पाच रुपयांचं नाणं घेतलं, काकूंनी लाटणं. न्यू जर्सीतली मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, ती देवघरासमोरची परत वाजवा, आवाज तुटला." आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे जोशी वर आले. भांडायला आले होते, पण हातात नाणं दिल्यावर तेही उकिडवे बसले. मग आपल्या घरी जाऊन ठोकून आले. मधुमेही माणसं फिरायला निघाल्यावर एकमेकांना साखरेचे आकडे सांगतात, त्या सुरात ते काकांना म्हणाले, "तुमच्याकडे नऊच? माझ्याकडे चौदा निघाल्या." त्या संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. ज्यांच्या घरी एकही पोकळ निघाली नाही ते गृहस्थ थोडे खट्टू होऊन लवकर घरी गेले.

पोकळपणाचा निकाल लागला आणि उतार निघाला. त्यासाठी नातवाची काचेची गोटी मागवण्यात आली. भारतात जमिनीची तपासणी करणारं सर्वांत विश्वासू उपकरण हेच आहे. ती दिवाणखान्याच्या मधोमध ठेवल्यावर घरातले सगळे श्वास रोखून उभे राहिले. गोटीने क्षणभर विचार केला आणि ती टीव्हीच्या कोपऱ्याकडे निघाली.

"ईशान्येला गेली!" वरच्या मजल्यावरचे वास्तुशास्त्री आनंदले. "उतार ईशान्येला, म्हणजे उत्तम."

"ईशान्येला गेली?" प्लंबर म्हणाला. "बाल्कनीचं भोक तर नैर्ऋत्येला आहे. पाणी टीव्हीत सोडायचंय का?"

दोघांची मतं ऐकून काकांनी गोटी पुन्हा ठेवली. या वेळी ती सांध्यात अडकली, सांध्यासांध्याने चालत सोफ्याखाली गेली आणि तिथे काकांना हरवलेला चष्मा सापडला. चाचणीचं एवढंच ठोस फलित.

गोटीचं म्हणणं खरं असतं, पण अपुरं असतं. ती उताराची दिशा सांगते, खड्डा किती आणि उंचवटा कुठे हे सांगत नाही. टाइलला तर उताराचं फारसं दु:ख नसतंच. जमीन लेव्हलमध्ये असणं वेगळं आणि सपाट असणं वेगळं, हा भेद टाइलवाल्यांच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवला जातो आणि गिऱ्हाइकाला शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत इंचभर उतार असलेली जमीनही एका पातळीत, सलग सपाट असू शकते. टाइल तिच्यावर सुखाने बसते, हाल फक्त गोट्यांचे होतात. उलट दोन्ही टोकं लेव्हलमध्ये आणि मध्ये पोट आलेलं असेल, तर मोठी टाइल त्या पोटावर डुगडुगते, तिची कड शेजारणीच्या वर राहते आणि पुढची वीस वर्षं घरातल्या प्रत्येक करंगळीला ती कड माहीत होते.

म्हणून सपाटी बघायला गोटी चालत नाही, पट्टी लागते. दहा फुटी, सरळ, अॅल्युमिनियमची. ती जमिनीवर आडवी-उभी-तिरकी ठेवायची आणि खाली उजेड कुठून दिसतो ते बघायचं. अमेरिकी टाइलवाल्यांचं मानक सांगतं की टाइलची एखादी बाजू पंधरा इंच किंवा त्याहून मोठी असेल तर दहा फुटांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार नको. लहान टाइलला सहापर्यंत सवलत. तीन मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली हल्लीची एक रुपयाची दोन नाणी. बँकेत आयुष्य गेलेल्या काकांना हे माप फार पटलं. पट्टीखाली नाणी सरकवत ते घरभर रांगले. दिवाणखान्यात पाच नाणी गेली, पॅसेजमध्ये सहा. स्वयंपाकघराच्या दारात आठवं नाणं सरकलं तेव्हा त्यांनी मिस्त्रीकडे खातं बुडीत निघाल्याच्या चेहऱ्याने पाहिलं. तपासणीअंती आठपैकी सहाच नाणी परत मिळाली. नातू त्या वेळी आपल्या गल्ल्याशेजारी अत्यंत निरागस उभा होता.

एवढ्यात सुनेने मोबाइल पुढे केला. "टाइल अशी लावायची. विटांची जोडणी असते ना, तशी. अर्ध्यावर सांधा."

मिस्त्रीने मान हलवली. लांब टाइल भट्टीतून निघताना किंचित पोट घेऊन निघते. एकीचं पोट दुसरीच्या टोकाशी आणलं की कड वर येणारच. म्हणून अशा टाइलचा सांधा अर्ध्यावर न घेता तिसऱ्या हिश्श्यावर घेतात.

"पण फोटोत किती छान दिसतंय."

"फोटोत पाय लागत नाही ना, ताई."

प्रस्तुत लेखकाच्या मते घरबांधणीवरच्या सगळ्या चकचकीत मासिकांच्या मुखपृष्ठावर हे वाक्य छापायला हवं. पण मग ती मासिकं कोण घेणार?

लेव्हल बघायची म्हटल्यावर पाइप आला. पारदर्शक नळी, तीत पाणी, दोन टोकं दोन खोल्यांत. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर उभं राहतं. सेल नको, चार्जर नको. अटी दोनच. नळीत हवेचा बुडबुडा नसावा आणि टोकं धरणारी दोन माणसं एकमेकांशी बोलत असावीत. हेल्पर आला नव्हता म्हणून एक टोक काकांनी दिवाणखान्यात धरलं आणि दुसरं काकूंनी स्वयंपाकघरात.

"स्थिर झालं का?"

"तुम्ही हलवायचं थांबलात की होईल."

"मी कुठं हलवतोय?"

"मग पाणी काय आपणहून नाचतंय?"

"बरं, थोडं वर घे."

"नळी वर घेऊ की पाणी वर घेऊ?"

"अगं, खूण कर भिंतीवर!"

"कशाने? एका हातात नळी आहे, दुसऱ्या हातात झारा."

भिंतीवर चार वेगवेगळ्या खुणा झाल्यानंतर पॅसेजच्या मध्यावर नळीत बुडबुडा सापडला. तो कुणाच्या टोकाने शिरला, यावर रात्रीच्या जेवणापर्यंत चर्चा चालली आणि जेवणानंतर जुनी प्रकरणंही निघाली.

सगळ्यांना छळणाऱ्या या बुडबुड्याला कामाला लावण्याची बुद्धी एका फ्रेंच माणसाची. मेल्शिसेदेक तेव्हनो याने १६६१ च्या सुमारास काचेच्या बंद नळीत अल्कोहोल भरून त्यात बुडबुडा कोंडला. गवंड्याच्या हातातली आजची लेव्हलपट्टी ही त्याच नळीची वंशज. त्याचा पुतण्या ज्याँ द तेव्हनो हा १६६६ मध्ये सुरतेला उतरला, शिवाजी महाराजांनी दोन वर्षांपूर्वी केलेल्या सुरतेच्या लुटीविषयी त्याने लिहून ठेवलं, आणि पुढे जाऊन वेरूळची लेणीही पाहिली. काका-पुतण्यांची जोडी म्हटली की महाराष्ट्राच्या पोटात गोळा येतो. या जोडीत मात्र काकाने बुडबुडा सांभाळला आणि पुतण्याने प्रवास. कुणी कुणाची गादी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने लेझर आणला. हिरवी रेघ चारही भिंतींवर फिरली आणि घरात शांतता पसरली. दिवाणखान्यापेक्षा स्वयंपाकघर बावीस मिलिमीटर उंच निघालं.

"मशीन बिघडलंय," काका म्हणाले. "चौऱ्याऐंशीपासून इथं राहतोय. चढ चढतोय असं कधी वाटलं नाही."

"म्हणूनच," आतून आवाज आला, "स्वयंपाकघरात यायला तुम्हाला इतकं जड जातं."

आता प्रश्न होता जुन्या फरशीवर नवी चिकटवायची की जुनी उखडायची. मिस्त्रीने वाटीभर पाणी मागितलं आणि बोटाने चार थेंब फरशीवर टाकले. थेंब आत मुरला तर पृष्ठभाग चिकटायला राजी आहे, थेंब गोल फुगून बसला तर वर तेल, मेण, पॉलिश असं काहीतरी आहे. चारही थेंब गोल, टवटवीत बसून राहिले.

"काकू, फरशी कशाने पुसता?"

काकू अभिमानाने सांगू लागल्या. मोझॅकला दोनदा मशीनचं पॉलिश झालेलं होतं. त्याशिवाय रॉकेल मिळत होतं तोवर बादलीत थोडं रॉकेल टाकून पुसणं. माशा बसत नाहीत आणि चमक राहते. चाळीस वर्षं बाईने या फरशीत तोंड दिसेल अशी ती राखली होती. आणि नेमकी तीच चमक आता अॅडेसिव्हला नको होती. शेजारच्या बाईंनी कधी पॉलिश केलं नाही, पुसायचाही कंटाळा, त्यांच्या फरशीवर थेंब चटकन मुरला. हा न्याय काकूंना अजून मान्य नाही.

"मग टाचे मारायला लागतील," मिस्त्री म्हणाला. टाचे म्हणजे छिन्नी-हातोड्याने फरशीवर जवळजवळ खड्डे पाडून ती खरखरीत करणं. खरं तर यात नवं काही नाही. पाटा-वरवंट्याला टाकी लावून देणारे एकेकाळी दारावर यायचे, तेव्हा काकूच त्यांना "नीट खरखरीत करा हं" असं बजावत होत्या. पण पाटा वेगळा आणि दिवाणखाना वेगळा.

तळमजल्यावरच्या आजोबांनी इथे आपलं मत दिलं. ते गिरगावच्या चाळीत वाढलेले, रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइलवर रांगलेले. १९२२ साली मुंबईत भारत टाइल्स सुरू झाली तेव्हा परदेशी फरशीला स्वदेशी फरशीने उत्तर द्यायचं, हा तिच्यामागचा उत्साह होता. ती टाइल भट्टीत भाजत नसत. दाबयंत्रात दाबून मग पाण्यात ठेवून पक्की करत. "तेव्हा फरशीसुद्धा आधी पाण्यात बसून वाट बघायची," आजोबा म्हणाले, "आणि तुम्हाला सगळं रविवारपर्यंत हवं." आजोबांचं म्हणणं सगळ्यांनी आदराने ऐकलं आणि विषय लगेच रविवारपर्यंत काय काय होईल याकडे वळला.

सोसायटीच्या सचिवांना वजनाची काळजी होती. ते इंजिनिअर, शाखा इलेक्ट्रिकल, पण सोसायटीत शाखा विचारत नाहीत. त्यांनी कागद घेतला. काकांचं घर पाचशे चौरस फूट, म्हणजे साडेसेहेचाळीस चौरस मीटर. दहा मिलिमीटरची टाइल आणि अॅडेसिव्ह मिळून सव्वा ते दीड टन. जुन्या पद्धतीने दोन इंच माल टाकून लावली तर आणखी साडेचार टनांच्या वर. म्हणजे जुन्या फरशीच्या डोक्यावर सहा टनांचा नवा बोजा. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामान धरून चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो पेलेल, असं धरून बांधायचा, हे आयएस ८७५ या भारतीय मानकात लिहिलेलं आहे. माल टाकला तर त्यातला अर्ध्याहून अधिक वाटा फरशीच खाणार.

"मग माणसांनी राहायचं कुठं?" सचिवांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

शिवाय वर चढवलेली टाइल दारांना धडकते. जमीन अर्धा-पाऊण इंच वर आली की सगळी दारं खालून रंधायची, सेफ्टी डोअर लोखंडी म्हणून ते रंधता येत नाही, बाथरूमचा उंबरा बुटका होतो, ओटा खाली जातो आणि त्याच्याखाली मापात बसवलेला सिलिंडर बाहेर येतो. एका टाइलसाठी सुतार, लोहार, प्लंबर आणि गॅसवाला असे चार बलुतेदार लागतात. शेवटी उखडायचं ठरलं. हातोडे चालले, गोणी भरभरून डेब्रिज दोन जिने उतरलं, जोश्यांनी त्या दिवसांत गावाला जाणं पसंत केलं, आणि उघड्या पडलेल्या स्लॅबवर लेव्हलिंगचा नवा कोबा घातला गेला.

खरी परीक्षा इथे सुरू झाली, आणि ती जमिनीची नव्हती.

कारण तारीख होती जुलैची. महाराष्ट्रात टाइल बसवायचा एकच मुहूर्त लोकांना ठाऊक असतो, तो म्हणजे 'गणपतीच्या आत'. भाद्रपदात पाहुणे येणार, म्हणून त्याआधी घर नवं व्हायला हवं. म्हणजे हवेत वर्षातला सर्वांत जास्त ओलावा असतो, भिंतींना बुरशीचे नकाशे फुटलेले असतात, चादरी तीन दिवस वाळत नाहीत, नेमके तेच दिवस आपण सिमेंट सुकवायला निवडतो. कोकणात अंगण करायचं असतं तेव्हा लोक पाऊस जाऊ देतात, माती आवळू देतात, मग चोपण्याने चोपतात आणि सारवतात. भर श्रावणात अंगण करायला घेणाऱ्याला गावात कुणी मुलगी दिली नसती.

नव्या कोब्याला आधी निदान आठवडाभर पाणी मारायचं, मग सुकू द्यायचं. सिमेंटची ठरलेली ताकद मोजतात ती अठ्ठावीस दिवसांनी. सुकताना कोबा आकसतो. त्याच्यावर घाईने बसवलेली टाइल आकसत नाही, त्यामुळे दोघांचं जमत नाही आणि टाइल सुटते. ओलावा वर येताना क्षारही घेऊन येतो आणि सांध्यांतून पांढरी पूड डोकावते. लाकडी फ्लोअरिंग तर ओलाव्याला टाइलहून जास्त घाबरतं. ते फुगून कमानदार होतं. काकांना हे सगळं मिस्त्रीने सांगितलं. काकांनी वाकून कोब्यावर हात फिरवला.

"कोरडाच तर आहे."

हाताला तो कोरडाच लागतो. वरचा थर वाऱ्याने सुकतो, पाणी पोटात असतं. ते ओळखायला अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकसंस्थेची एक चाचणी आहे आणि ती इतकी स्वस्त आहे की कुणाचा तिच्यावर विश्वास बसत नाही. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवायचा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि किमान सोळा तास हात लावायचा नाही. मग उचलून बघायचं. आतून दव धरलं असेल किंवा खालचा कोबा काळवंडला असेल, तर जमीन अजून ओली.

यंत्र नको, तंत्र नको, फक्त सोळा तास हात लावायचा नाही. मराठी घरात एवढी कडक अट आजवर कुठल्याही व्रतात घातलेली नाही.

पहिला तुकडा सकाळी कामाला येणाऱ्या मावशींनी गोळा करून कचऱ्यात टाकला. "प्लास्टिक पडलं होतं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या तुकड्याभोवती काकांनी चार खुर्च्या उलट्या मांडल्या. त्या दिवशी भिशीच्या बायका आल्या, त्यांना बसायला खुर्च्या लागल्या. तिसऱ्यावर खडूने 'हात लावू नये' असं लिहिलं. नातवाला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं आणि वाचलेल्याचं प्रात्यक्षिक करण्याची त्याला हौस होती. चौथा तुकडा रात्री सगळे झोपल्यावर लावला. रात्री दोनच्या सुमारास काकूंना हॉलमध्ये बॅटरीचा उजेड दिसला. काका गुडघ्यांवर बसून चिकटपट्टीचा एक कोपरा हळूच उचलत होते.

"अहो, काय करताय?"

"काही नाही. दव धरतंय का बघत होतो."

कोपरा उचलला की तास पुन्हा शून्यापासून. अशाने सोळा तासांचे किती दिवस झाले ते कुणी मोजले नाहीत. शेवटी काकूंनी प्लास्टिकवर देवघरातली समई ठेवली आणि मगच घरातला हात थांबला. समई उचलली तेव्हा प्लास्टिक आतून चिंब होतं. जमिनीला दरदरून घाम फुटला होता.

सर्वांत जास्त पाणी मात्र बाथरूमच्या भिंतीशी होतं, आणि ते कोब्याचं नव्हतं. "नहाणी ट्रॅप गळतोय," मिस्त्री म्हणाला. मग बाथरूम उघडलं, ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं, आणि तिथेही चाचणी आली: भोक बुजवायचं, लादीभर पाणी तुंबवायचं आणि चोवीस तास खालच्यांच्या छताकडे बघायचं. खालचे म्हणजे जोशी. ते गावाहून परतले होते आणि छताकडे बघण्याचं काम त्यांनी मनापासून केलं. दर तासाला फोन. "अजून काही नाही." "अजून काही नाही." अकराव्या फोनला त्यांचा आवाज चढला, "आलं! एक थेंब आला!" सगळे धावले. तो थेंब पंख्याच्या कपाला लावलेल्या ताज्या रंगाचा निघाला. जोशी थोडे नाराज झाले.

चोवीस तास घरातली मंडळी आंघोळीला शेजाऱ्यांकडे गेली. शेजाऱ्यांनी आनंदाने बाथरूम दिलं आणि नंतर महिनाभर गिझरच्या बिलाचा उल्लेख अजिबात केला नाही, हे ते प्रत्येकाला सांगत राहिले.

पाणी मारणं, सुकणं, गळती आणि पुन्हा प्लास्टिक यात श्रावण संपत आला. शेवटच्या तुकड्याखाली जवळजवळ काहीच नव्हतं. पट्टीखाली दोन नाणी अडून बसली. थेंब चटकन मुरला. जमीन तयार होती. काकांनी लगोलग मिस्त्रीला फोन लावला.

"काका, मी तर गाडीत आहे," तिकडून आवाज आला. "गणपतीला गावाला चाललोय. दसऱ्यानंतर येतो."

"अहो, पण जमीन तयार आहे!"

"चांगलंच झालं की. अजून सुकू दे. घाई करू नका."

गणपती आले तेव्हा दिवाणखान्यात उघडा कोबा होता आणि टाइल्सची खोकी भिंतीशी रचलेली होती. मुलाने त्याच खोक्यांचा चौथरा केला, त्यावर चादर टाकली आणि मखर उभं केलं. काकांनी लेझर मागवून चौथरा मिलिमीटरपर्यंत लेव्हलमध्ये आणला. आरतीला आलेल्या प्रत्येकाने मूर्तीला नमस्कार केला आणि कोब्याकडे बघून काही ना काही सुचवलं. एकाने ग्रॅनाइट म्हटलं, एकाने कोटा. नाशिकच्या मेहुण्यांनी मोदकाचा घास घेत सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हल्ली टाइल कोण लावतं? लाकडी फ्लोअरिंग करा. त्याला खालची जमीन बघायची भानगडच नसते."

काकांनी वही काढली आणि दुकानाचा पत्ता लिहून घेतला.